हट्टेकर हट्ट्यात राहत नाही

संध्याकाळी सहाला आम्ही चौघं
शाळेच्या ग्राउंडमागं, पडक्या कंपाउंडवर.
पोरं शूटिंग बॉल खेळतात, आम्ही चुका काढतो.
"नेटजवळ उभा राहून आरती ओवाळायलास का रं?"
मुक्कावार ओरडतो. पोरं ऐकत नाहीत.
आम्ही तरी कुणाचं ऐकलं होतं!

मुक्कावारला काडेपेटीवरचे छाप जमवायचा नाद,
तीन हजार दोनशे झाले.
बायको म्हणते, एक दिवस ह्यातलीच एखादी काडी ओढून…
लुत्फुल्ला देशमुखाकडं कबुतरं. प्रत्येकाचं
पंजोबापर्यंतचं खानदान त्याला पाठ.
मला छंद नाही. चौतीस वर्षं वसमत डेपोत कंट्रोलर,
टाइमटेबल अजून डोक्यातून उतरत नाही.
कुणी आडनाव सांगितलं की मी गाडी सांगतो.
औंढेकर? सव्वासात, पहिला फलाट.
पूर्णेकर? एसटी नको, रेल्वेनं जा.

"पण हट्ट्यात एकही हट्टेकर नाही," परवा मी म्हणालो.
"गाव सुटल्याशिवाय 'कर' लागतच नाही.
फाट्यावर गाडीत चढला, कंडक्टरनं तिकीट फाडलं,
की झाला हट्टेकर."

"आमच्यात वार असतंय," मुक्कावार म्हणाला.
"सोमवार, मंगळवार आन् हा मुक्कावार," लुत्फुल्ला म्हणाला.
चाळीस वर्षं हाच विनोद,
आणि मुक्कावार चाळीस वर्षं नव्यानं चिडतो.

"मेरेकू तो मजा आता," लुत्फुल्ला सांगत होता,
"फोनवर 'देशमुख बोलतोय' म्हटलं
की समोरचा राम राम घालतो.
मीबी घालतो. मग तो पहिलं नाव विचारतो.
मग थोडा वेळ नुसता लाइनचा आवाज."
कबुतरांची ज्वारी त्याच्या खिशात असते.
ती काढून तो तळहातावर निवडत बसला.

मग मी माझं सांगितलं.
शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, आडनाव?
बाप म्हणाला, "आमाला कुठलं? नावानंच हाका मारत्यात."
मास्तरांनी खिडकीतून बघितलं.
बाहेर खिल्लारी जोडी उभी होती.
लिहिलं, खिल्लारे.
बैल पाटलाचे होते.

अंभोरेबाई एवढा वेळ शब्दकोडं सोडवत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या, "माझं तांदळात गेलं."
"काय?"
"नाव. ताटात तांदूळ पसरले,
ह्यांनी अंगठीनं लिहिलं, शकुंतला.
मी समोर बसलेली. उलटं वाचलं."

पंधरा वर्षं एका भिंतीवर बसतो,
कुणी विचारलं नव्हतं, आधी कोण होता म्हणून.
"चतुरा धवळे," त्या म्हणाल्या.

लुत्फुल्लाच्या हातची ज्वारी सांडली.
"धवळे? परभणीची मॅच? एकोणसत्तर?
अरे, फळ्यावर खडू घेऊन मी होतो!
धवळे, धवळे लिहून हात भरून आला माझा.
पुढच्या साली मी विचारत फिरलो, ती धवळे कामून नाही आली?"

"खो मिळाला," बाई म्हणाल्या.
"पाठीवर थाप पडली, उठले, पळाले.
मागं वळलं तर फाउल."
आणि परत कोड्यात.
"सांगा, उभे सात, तीन अक्षरी, ओलावा."
"दमट," मी म्हणालो. बसला तो.

तेवढ्यात चेंडू भिंतीवरून आमच्या मागं गेला, बाभळीकडं.
"धवळे!" लुत्फुल्लाच्या तोंडून निघालं.
आमचे तिघांचे गुडघे विचार करेपर्यंत
बाई चप्पल सोडून तिथं पोचल्या होत्या.
पदर खोचलेला. कधी खोचला, दिसलं नाही.
फेकला तो नेटच्याही पलीकडं.

"थँक्यू आजी!" पोरं ओरडली.
"आजी काय म्हणता रे!" मुक्कावार उभाच राहिला,
"त्या आपल्या ह्या…"
आणि अडकला. कुठलं नाव सांगावं
त्याला कळेना.

बाई तळव्यातला काटा काढत होत्या.
स्टँडवरून कळमनुरीचा हॉर्न आला.
वेळेवर होती की लेट,
मी बघितलं नाही.